आठ नंबरचा बूट

कारखान्यात कामाला लागणाऱ्या मुलांना तयार करणाऱ्या एका छोट्या सेंटरमध्ये मी शिकवते. पुण्याजवळच्या चाकणमधल्या एका कंपनीच्या एचआरमधून फोन आला, की मॅडम तुमच्या बॅचचा तो लातूरकडचा मुलगा आठवडाभर आलेला नाही, फोनही उचलत नाही, नाव कमी करू का. मला खरंच वाटेना. सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, त्या बॅचमधला सगळ्यात नीटस मुलगा तो. मोजमापाचा व्हर्नियर हातात घेतला की डोळा बारीक करून ०.०२ मिलिमीटरपर्यंतचं रीडिंग बिनचूक सांगायचा, ड्रॉइंग वाचायला बसला की बाकीची पोरं त्याच्या खांद्यावरून डोकवायची. मी मेसेज टाकला, दोन दिवसांनी उत्तर आलं, "ताई घरी अडचण आहे." घरी अडचण म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही, हे मुलांना बरोब्बर माहीत असतं. पुढे बऱ्याच दिवसांनी तो भोसरीला बस स्टॉपजवळ दिसला, मी हाक मारली, चल चहा घेऊ म्हटलं, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा होऊन दुसरा कप संपत आला तेव्हा कुठे खरं कारण बाहेर आलं. बूट. कंपनीने दिलेले सेफ्टी शूज त्याला एक नंबरने लहान होत होते. पुढे स्टीलची टोपी, आत अंगठा दुमडलेला, आणि सबंध शिफ्ट मशीनपुढे उभं राहायचं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, मग ते उचकटलं, मग टाचेला फोड येऊन फुटला, मोज्याला रक्त लागायला लागलं. थोडे दिवस त्याने ओढले आणि मग एक दिवस रूमवरच थांबला, दुसऱ्या दिवशी आता जायचं कसं म्हणून थांबला, आणि तिसऱ्या दिवशीपासून लाजेने.

अरे मग स्टोअरला जाऊन बदलून का नाही घेतलेस, मी विचारलं. तर म्हणाला, "फॉर्मवर मीच आठ लिहिलं होतं ना ताई."

दहावीत असताना घेतलेला शेवटचा बूट आठ नंबरचा होता, त्यानंतर चपलाच. पाय वाढलाय हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. आणि नंबर आपणच लिहिलाय म्हणजे चूक आपली, मग कुठल्या तोंडाने बदलून मागायचं, असा त्याचा सरळ हिशोब. मी स्वतः भोसरीत बरीच वर्षं एचआरला काढली आहेत, स्टोअरवाल्या काकांची तऱ्हा मला चांगली माहितीये. ते दोन शिव्या घालतात, रजिस्टरमध्ये एक ओळ खोडतात आणि नऊचा जोड काउंटरवर आपटतात. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांसाठी एका चांगल्या मुलाचं प्रशिक्षण, नोकरी, गावाकडे सांगितलेलं सगळं वाया गेलं, हे माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

आम्ही या मुलांना शिकवतो काय? इंटरव्ह्यूला कसं बसायचं, हात कसा मिळवायचा, डोळ्यात बघून बोलायचं, इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची, ईमेल, बायोडेटा, टीमवर्कचे खेळ. आयटीआयमध्ये सुद्धा एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय आहे, त्याचं पुस्तक आहे, पेपर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली, निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, ताण हाताळणं, संवाद वगैरे, तीच यादी फिरून फिरून आमच्या सगळ्या ट्रेनिंगच्या फायलींमध्ये येते. यादी चांगलीच आहे, मी ती मनापासून शिकवते. पण माझ्या मते पहिल्या महिन्यात लागणारं सगळ्यात मोठं कौशल्य म्हणजे "मला हे जमत नाहीये, मला मदत पाहिजे" हे वाक्य तोंडातून काढता येणं, आणि त्याला त्या यादीत वेगळी जागा नाही. तो मुलगा ताण हाताळत होताच की. रक्ताळलेल्या मोज्यांनी तो उभा राहिला, सोसणं या विषयात त्याला मी काय शिकवणार.

मागायचं नाही हे घरातूनच आलेलं असतं. मोठ्या भावाचा शर्ट, चुलतभावाचं दप्तर, जे मिळालं ते अंगाला बसवून घ्यायचं. पाहुण्यांकडे गेल्यावर दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली तर आई डोळे वटारणार. शाळेत हात वर केला तर "एवढं पण कळत नाही का रे तुला" असं सगळ्या वर्गासमोर. सोयाबीनला भाव नाही, बापाच्या तोंडाकडे बघून फीचा विषय दोन दिवस पुढे ढकलायचा. असं अठरा-एकोणीस वर्षं वाढल्यावर तो मुलगा पुण्यात येतो आणि आम्ही त्याला सांगतो कॉन्फिडन्स दाखव. मला या मुलांच्या सोशिकपणाबद्दल फार आदर वाटतो, आणि तोच सोशिकपणा त्यांना असा मधेच गाठून पाडतो याचा राग पण येतो. कोणावर राग येतो ते मात्र धड सांगता येत नाही.

त्यांची रूम एकदा बघायला पाहिजे. कॉट बेसिसवर घेतलेली, दहा बाय बाराच्या खोलीत सहा कॉट, एक पोरगा नाइट करून झोपलेला म्हणून दिवसाही पडदा ओढलेला, दोरीवर न वाळलेले युनिफॉर्म आणि सगळ्या खोलीला मशीनवर सोडायच्या कूलंटचा तो गुळचट तेलकट वास. कितीही साबण लावला तरी हाताचा जात नाही तो वास, मी घरी आल्यावर माझ्या ओढणीलाही येतो. कॉटचं डिपॉझिट आधी द्यायचं, मेसचा महिना आधी भरायचा, बसचा पास आधी काढायचा, आणि स्टायपेंड येणार महिना भरल्यावर, तेही बँकेचं सगळं सुरळीत असेल तर. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या अप्रेंटिसचं, म्हणजे कंपनीत काम करत शिकणाऱ्या मुलाचं, किमान स्टायपेंड महिना ७,००० रुपये ठरवलं होतं, भोसरीत कॉट आणि दोन वेळची मेस त्यातून गेली की उरतं काय ते प्रत्येकाने आपापलं मांडून बघावं. म्हणजे मुलगा नोकरीला लागतो तोच उसनवारीने. पहिल्या महिन्यात जी गळती होते तिची बहुतेक कारणं मला या खोलीत सापडली आहेत. मशीन चालवता येत नाही म्हणून सोडून गेलेला मुलगा मला क्वचितच भेटला.

आणि रविवारची संध्याकाळ. पुण्यात शिकायला राहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको, रविवारी दुपारी मेसला फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. पैसे असतील तर भुर्जीपाव, नसतील तर बिस्किटाचा पुडा आणि पाणी. खोलीतले दोघं-तिघं गावाकडे गेलेले, उद्या फर्स्ट शिफ्ट, घरून फोन येतो, जेवलास का, तर हो जेवलो. मुलं मला सांगतात की सोडून जायचा विचार बहुतेक वेळा रविवारी रात्रीच येतो.

माझे आजोबा पुण्यात शिकायला आले ते वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे वार. अनाथ विद्यार्थी गृह १९०९ साली निघालं तिथली मुलं माधुकरी मागून आणायची, तसाच तो काळ. आजोबांना म्हातारपणी सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण कुठल्या वाराला कोणाकडे हे तोंडपाठ होतं, आणि गंमत म्हणजे जेवणाबद्दल ते फारसं बोलायचेच नाहीत. गुरुवारच्या घरी ताक आंबट असायचं, एवढंच. ते सांगायचे की गुरुवारच्या काकू ताट वाढताना दर वेळी विचारायच्या, "काय रे, या आठवड्यात काय अडलं?" दिव्याला तेल नाही, पुस्तक नाही, खोकला जात नाही, काय असेल ते तिथे सांगायचं, आणि काकू कोणाकडून तरी करून द्यायच्या. लहानपणी मला ही गोष्ट फार गोड वाटायची. मोठी झाल्यावर कळलं की ती दारं सगळ्यांना उघडी नव्हती, जात बघूनच वार मिळायचे. त्याच पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली दिवसा राबणाऱ्या लोकांसाठी रात्रीची शाळा काढली होती आणि इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं काढायला घेतली ती काय उगाच नाही. त्यामुळे आजोबांच्या काकू आठवल्या की मला बरं पण वाटतं आणि टोचतं पण. पण ते विचारणं, दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, स्वतःहून, ते मला या मुलांसाठी हवं आहे, आणि सगळ्यांसाठी हवं आहे.

तसं पुणं गरीब होतकरू विद्यार्थ्याला सांभाळणारं गाव आहे हे खरंच आहे. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती, खेड्यातल्या किती पिढ्यांना तिथे राहायला मिळालं. सदाशिव पेठेत एमपीएससीच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका, स्वस्तातले डबे, पुस्तकांची दुकानं, त्यांचं आंदोलन झालं की चॅनलवाले पोचतात, आणि पोचायलाच पाहिजेत. पण विद्यार्थी म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे पुस्तक घेऊन बसलेला मुलगाच येतो. भोसरीत, चाकणला, रांजणगावला लेथपुढे उभा राहून शिकणारा मुलगा कोणाच्याच हिशोबात नसतो. कॉलेजच्या दृष्टीने तो गेलेला आणि कंपनीच्या दृष्टीने अजून लागलेला नाही. शिकतोय म्हणून पगार नाही, आणि काम करतोय म्हणून विद्यार्थ्याच्या सवलती मागायला गेला तर खिडकीवरचा माणूस वरपासून खालपर्यंत बघतो. नातेवाईक विचारतात सध्या काय करतोस, त्याचंही एका शब्दात उत्तर नाही.

त्यांना जे हक्काचं आहे तेही कोणी नीट सांगत नाही. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. त्यात सरळ लिहिलंय की अप्रेंटिसला अप्रेंटिसशिप ॲडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. काम करताना इजा झाली तर कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे मालकाने भरपाई द्यायची, हेही त्यातच आहे. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटत असतं आपला पीएफ नाही, ईएसआयचा कामगार विमा नाही, म्हणजे आपल्याला काहीच लागू नाही. नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा केंद्र सरकार देतं आणि २०२३ पासून तो थेट मुलाच्या खात्यात टाकायची सोय झाली. चांगली गोष्ट झाली. पण खातं आधारला जोडलेलं पाहिजे, आणि आधारला जोडलेला नंबर असतो वडिलांचा, किंवा तीन वर्षांपूर्वी हरवलेल्या मोबाईलमधल्या सिमचा. ओटीपी शेतात वाजतो आणि मुलगा चाकणला बँकेच्या रांगेत. हा नंबर बदलायला अर्धा दिवस रजा लागते, आणि नवीन पोराने रजा मागायची कशी. पुन्हा तेच, मागायचं.

मुलींचं आणखी वेगळं. पर्वतीजवळच्या जनता वसाहतीतली एक मुलगी असेंब्लीच्या ट्रेनिंगला लागली, हुशार, वर्गात मुलांनाही गप्प करणारी. महिन्याभरात आजारी पडली, युरिन इन्फेक्शन. बायकांचं टॉयलेट शेडच्या पार त्या टोकाला, आणि लाइन सोडायची तर लाइन लीडरला सांगून जायचं, तो पंचविशीतला मुलगा, शेजारी सगळे पुरुष. म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. वर्गात स्टेजवर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं बक्षीस मिळवलेली मुलगी ही. तिची आई मला म्हणाली, मॅडम तुम्ही तिला बोलायला शिकवलं, पण हे कसं बोलायचं हो. त्यावर मी काय बोलणार. नंतर त्या लाइनवरच्या एका जुन्या ताईंनी सुपरवायझरला गाठून हे प्रकरण मिटवलं, आता मुली हात वर करतात, कारण न सांगता जातात. नियम एका ओळीचा आहे, पण तो त्या ताईंमुळे झाला, मुलींना धीट व्हायला शिकवून झाला नसता.

मला हल्ली वर्गात उभं राहिल्यावर हेच खटकतं, की आम्ही सगळा भार मुलांवर टाकतोय का. तू बोल, तू विचार, तू स्ट्राँग हो. पोहायला शिकवावं तसं हे काम आहे, हात मारायचे त्यानेच, पण काठावर कोणीतरी उभं असल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नाही. बोलायला शिकवायचं तर ऐकायला माणूस नेमायला नको का? पुण्यात २०१६ पासून महापालिकेच्या साथीने चाललेली लाइटहाउस केंद्रं आहेत, तिथे मुलगा आला की लगेच कोर्सला बसवत नाहीत, आधी फाउंडेशन कोर्स, स्वतःबद्दल, घराबद्दल बोलणं, मग तो कौशल्य निवडतो. हा क्रम मला फार पटतो. आमच्यासारख्या छोट्या सेंटरला तेवढी माणसं नाहीत, आणि आमच्याकडे मोजलं जातं ते जॉइनिंग लेटर. लेटर हातात पडलं की मुलगा आमच्या तक्त्यात हिरवा होतो. तिसऱ्या महिन्यात तो तिथे आहे का, हा रकाना मी भांडून घालून घेतला आहे आणि तो भरताना बघितलेले आकडे चांगले नव्हते.

म्हणून मग रविवारची संध्याकाळ धरली. मेस बंद असते, सेंटर रिकामं असतं, मोठ्या पातेल्यात खिचडी टाकायची आणि सोबत कांदा, पापड, लोणचं. ट्रेनिंगमध्ये असलेल्या आणि नुकत्याच कामाला लागलेल्या कोणीही यावं. पहिल्या वेळी मी ओळखीचे खेळ वगैरे तयारी करून गेले होते, ते बाजूलाच राहिलं, मुलं नुसती जेवली आणि ताटं घासून गेली. पण नंतर नंतर बोलणी सुरू झाली, आणि तीही ताट हातात असतानाच, खाली बघून. "ताई, सुपरवायझर आईवरून शिवी देतो, हे कोणाला सांगतात का?" "ठेकेदाराने ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतलीय, देतील ना परत?" "सॅलरी स्लिपमध्ये हे डिडक्शन कशाचं?" "नाइटला झोप येते त्याला गोळी असते का?" एकजण सगळे गेल्यावर मागे थांबला, रात्री छातीत धडधडतं म्हणाला, घरी सांगितलं तर परत बोलावतील. त्याला मी १४४१६ लावून दिला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि म्हणाला, त्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

आता ही संध्याकाळ चालवतो तो आमच्याच जुन्या बॅचचा बीडचा मुलगा, सध्या चाकणला व्हीएमसीवर, म्हणजे तसल्याच कॉम्प्युटरवाल्या मशीनवर, सेटर आहे, कामासाठी मशीन लावून देतो. मी विचारलं तर मुलं अर्धंच सांगतात, त्याला सगळं सांगतात, कारण तो त्याच कॉटवर झोपलेला आहे. त्याने स्वतःच एक पद्धत पाडली, नवीन मुलगा कुठल्याही कंपनीत लागला की तिथे आधीपासून असलेल्या आपल्या एका मुलाचा नंबर त्याला द्यायचा, आणि त्या जुन्याने पहिल्या आठवड्यात रोज एकदा फोन करायचा, काय अडलंय ते विचारायला. त्याला आजोबांच्या काकूंची गोष्ट मी कधी सांगितलेली नव्हती. तो लातूरचा मुलगाही त्याच्याच ओळखीने आता भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलाय. पगार कमी आहे, कंपनी चाकणच्या मानाने काहीच नाही, आणि ती पहिली संधी गेली ती गेलीच, याचं वाईट वाटायचं राहत नाही.

सेंटरच्या मॅनेजरांना मी तांदूळ, डाळ आणि गॅसचे पैसे मागितले तर ते म्हणाले मॅडम द्यायला हरकत नाही, पण हे टाकायचं कुठल्या हेडखाली? ट्रेनिंग मटेरियलमध्ये बसत नाही, प्लेसमेंटमध्ये बसत नाही. माणूस चांगला आहे, तोडगा शोधतोय, तोपर्यंत मार्केट यार्डातले एक ओळखीचे व्यापारी महिन्याला तूरडाळीचा कट्टा पाठवतात आणि तांदूळ आम्ही मैत्रिणी आळीपाळीने घालतो. मुली मात्र अजून फार येत नाहीत, खिचडी संपेपर्यंत साडेआठ होतात आणि एवढ्या उशिरा कात्रजला, पर्वती पायथ्याला एकटं परत जायचं म्हटलं की घरून नकार येतो. वेळ चारची करून बघायची ठरलीय, पण ज्यांना रविवारची सुट्टी नसते त्या फर्स्ट शिफ्टवाल्या मुलींची बस चारला कंपनीच्या गेटवरूनच सुटत असते, तेव्हा बहुतेक दोन वेगळ्या वेळा ठेवाव्या लागतील आणि दोनदा पातेलं चढवावं लागेल.